हाजर

फाट्यावर एसटी मला सोडते.
तिथून शाळा दीड किलोमीटर, चढाची.
माथ्यावर पवनचक्क्या, खाली आमचा पट सत्तावीस.
जूनमध्ये सव्वीसच होता.
सत्ताविसावा जुलैत आला, पालक्काडहून,
गलाईच्या दुकानावरून, चुलत्याचं बोट धरून.

विट्याच्या या अंगाला त्याचं कुणाला नवल नाही.
निम्मं गाव परमुलखात सोनं आटवतं,
जत्रेला येतं, परकी पासिंगच्या गाड्या घेऊन,
आणि तिसऱ्या दिवशी धूळ उडवत जातं.
हा तेवढा मागं राहिला.
हर्षवर्धन देवकर, इयत्ता तिसरी.
का ठेवला, ते चुलत्यानं सांगितलं नाही.
मीही दाखल्यापलीकडचं विचारलं नाही.

तीन आठवडे तो बोलला नाही.
नाव पुकारलं की बाकाच्या कडेचा खिळा बघायचा,
मी खाली मान घालून त्याच्यापुढे टिंब द्यायची.
अकराच्या सुमाराला रोज पोट धरून बसायचा.
ओवा दिला. लिंबू-साखर दिली.
डी.एड.ला बालमानसशास्त्रात मला बासष्ट मार्क होते.

शेवंताबाईंनी ओळखलं,
खिचडीचा डाव हातात तसाच:
"म्याडम, पोरगं पाणीच पीत न्हाई.
पाणी प्यालं तर लघवीला लागंल,
लागली तर इचारायचं कुठल्या तोंडानं?"

त्या रात्री त्याच्या आईला फोन लावला.
पाण्याला तो काय म्हणतो, विचारलं.
ती हसली, आणि मग बराच वेळ
मला नुसता तिकडच्या पावसाचा आवाज ऐकू येत होता.
"वेळ्ळम," म्हणाली.

सकाळी पिंपावर खडूनं लिहिलं: वेळ्ळम.
दुसरा शब्दही लिहिणार होते, मुतारीच्या भिंतीवर,
पण तो विचारायचाच राहिला होता;
मग तिथं नुसता बाण काढला.
त्या दिवशी शब्द म्हणायला मिळावा म्हणून
अख्खा वर्ग पाणी प्याला,
आणि बाणापुढे अशी रांग लागली
की गणिताचा तास गेला. जाऊ दे.

आता बिरदेव हाक्केचं सांगायला हवं,
कारण त्याचं मी देणं लागते.
वर्षातले चार महिने तो मेंढरांमागं असतो,
उरलेले आठ माझ्यापुढं.
हजेरीला म्हणायचा, "हाजर!"
दोन वर्षं मी त्याला थांबवत आले:
हाजर नाही, हजर. ह-ला काना नाही, बिरदेव.
शेवटी तो नुसता हात वर करू लागला.
मला वाटलं, सुधारला.

वेळ्ळमनंतरचा चौथा दिवस, शुक्रवार.
"हर्षवर्धन देवकर."
खिळ्यावरची नजर निघाली.
"हाजर."

वर्ग गप्प. मीही.
तिकडंही हजेरीला असंच म्हणतात, हे मला संध्याकाळी कळलं.
तेव्हा मात्र शेजारचा बिरदेवच उभा राहिला,
कमरेवर हात ठेवून:
"बघा म्याडम! मी काय म्हणत हुतो?"

दुरुस्त करायला माझं तोंड उघडलं होतं.
ते तसंच मिटलं.

त्याच दुपारी केंद्रावरून निरोप, मोबाइलवर:
समावेशक वातावरण, राबविलेला उपक्रम,
फोटो दोन, पाच वाजेपर्यंत, विलंब नको.
मी पिंपाचा फोटो पाठवला.
"फक्त पिंप दिसत आहे, विद्यार्थी दिसत नाहीत," असं उत्तर आलं.

सगळं निस्तरलं असं नाही.
रविवारी आईचा फोन येतो, म्हणून सोमवारी पोट दुखतं.
सोमवारी मी त्याला शेवंताबाईंजवळ बसवते, लसूण सोलायला.
आपसूक बिरदेवही जातो; त्याचं काहीच दुखत नसतं.
पुढं मेंढरं खाली उतरतील,
त्या चार महिन्यांत शेजारी कुणाला बसवायचं,
अजून सुचलेलं नाही.

काल मैदानात तो ओरडत होता, "वा! वा!"
पोरांना वाटलं, शाबासकी देतोय;
आणखी लांब पळू लागली.
धापा टाकत येऊन त्यानं मलाच समजावलं,
हातानं, अर्ध्या मराठीनं:
शाबास नाय, म्याडम. वा म्हणजे, ये.

आज फाटकाशी उभी होते.
चढावरून दोघं येत होते, एकाच दप्तराचे दोन बंद धरून.
"वा," म्हटलं मी.