अकरा नंबर

वैशाखात बावीस तापमापकं टांगली आम्ही लष्करात,
काड्यापेटीएवढी, पांढऱ्या डबीत,
प्रत्येकावर विद्यापीठाचा शिक्का आणि खाली बारीक अक्षरात
कृपया हात लावू नये.
एक नई सडकेच्या खांबाला, एक दालबाजारात पोत्यांच्या थप्पीवर,
एक सुवर्णरेखेच्या काठाला.
काठ म्हणजे सिमेंट,
नदी म्हणजे मधली काळी रेघ.
शिडी धरायला फिरोज, गाठी मारायला मी.

टेंबेबाईंचं सूत्र वाळवंटातल्या शहराचं:
भिंतीची उंची, गल्लीची रुंदी,
दगडाचा रंग, वाऱ्याची दिशा.
सात वर्षं जैसलमेरात राहून जमवलेलं.
मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं,
ग्वाल्हेर वाळवंट आहे का?
मी म्हटलं, अजून नाही.
त्या ‘अजून’वर मला नोकरी लागली.

दर दहा मिनिटांनी एक आकडा येतो.
पडद्यावर शहर आधी पिवळं, मग नारिंगी,
दोनच्या सुमारास जांभळट, माराचा वळ उठावा तसं.
किल्ल्याचा दगड रात्री अकरालाही निवत नाही.
माधवगंजच्या गच्च्यांवर माणसं कूस बदलतात,
उशी उलटून तिची गार बाजू शोधतात,
त्याला आमच्याकडे रकाना नाही.

आणि हा अकरा नंबर.
फालका बाजारामागच्या बोळात, दुपारी एक ते चार,
सगळीकडे चव्वेचाळीस, तिथे एकतीस, बत्तीस.
बाई म्हणाल्या, बिघडलंय.
मग म्हणाल्या, थांब थांब,
बोळ अरुंद, भिंती उंच,
सूत्र लागू पडतंय गं!
दोन दिवस त्या जिना चढताना गुणगुणत होत्या.
फळ्यावर हिरव्या खडूनं बाण काढला,
रस्ता रुंद करू नका म्हणून पालिकेला पत्राचा मसुदाही.

सातव्या दिवशी मी गेले. सव्वादोन.
चपलेखाली डांबर मऊ.
बोळात इस्त्रीची हातगाडी, कोळशाची,
त्यामागे रामबेटी, कपाळ घामानं चकाकतंय.
तिच्या डोक्यावर, खिळ्याला, आमचं यंत्र,
आणि यंत्रावर ओलं गोणपाट,
चौपदरी, नीट दुमडलेलं,
एका कोपऱ्यातून थेंब थेंब.

“बिचारो तप रओ हतो,” ती म्हणाली.
लाल दिवा लुकलुकताना दिसला होता तिला.
वाटलं, धापा टाकतंय.
अक्षर वाचता येत नाही, पण शिक्का कळतो:
कुणाचं तरी आहे, आपल्या भरवशावर ठेवलंय.
तासातासाला तांब्याभर पाणी, तिच्याच माठातलं.
टँकर तिथे एक दिवसाआड येतो.
मी विचारलं, आणि तुम्ही?
तिनं इस्त्रीत फुंकर मारली, राख उडाली.
“मेरो का,” म्हणाली, आणि कुणाची तरी कॉलर पसरली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.
मग उठून बाण पुसला, हातानंच, डस्टर न घेता.
वगळ, म्हणाल्या.
बरोबरच होतं त्यांचं.
रोजच्या अठरा, सहा दिवसांच्या, एकशे आठ नोंदी.
जपमाळेएवढ्या.
एकेक करून पुसल्या मी.
शेऱ्याच्या रकान्यात वीसच अक्षरं मावतात.
लिहिलं: ओलं गोणपाट. रामबेटी.

दुसऱ्या दिवशी नवी डबी लावली, तारेच्या पिंजऱ्यात, कुलपासकट.
हातगाडीला विभागाची मोठी छत्री बांधली,
कपाटात पडून होती, हिशेबात नव्हती.
फिरोजनं दांडा धरला, गाठ मी मारली.

अकरा नंबर आता बाकीच्यांसारखाच.
काल चव्वेचाळीस पूर्णांक सहा.
फिरोज सांगत होता,
ती दुपारी दोनदा तरी वर बघते,
कुलूप ओढून बघते,
आणि मग तांब्या खाली ठेवते.