पाण्याची खूण

लोस्टॉफ्टला मी आले ती ऐंशीच्या मार्चमध्ये,
इंग्लंडच्या अगदी पूर्वेच्या टोकाला,
हर्णैच्या बंदरावरचा लिलाव कानात घेऊन.
दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं: डेव्हीज.
नवऱ्याला विचारलं, हा डेव्ही कोण?
म्हणाला, अब्बा.

दाऊद पांगारकर, आगबोटीवरचे भंडारी.
न्यूमोनिया झाला म्हणून कप्तानाने इथे उतरवलं
आणि बोट पुढे निघून गेली.
बस्स. इतिहास एवढाच.
घरात मात्र सांगताना प्रत्येक जण
त्यात एक वादळ घालतो.

ईडिथ हेरिंग चिरणाऱ्या पोरींपैकी,
दहाही बोटांना चिंध्या गुंडाळलेली.
दोघांनी जाळ्यांचं बंद गोदाम भाड्याने घेतलं.
डुकराच्या चरबीत तळणार नाही, अब्बा म्हणाले,
आणि गिऱ्हाइकं हसली.
शेंगदाण्याच्या तेलाने सहा महिने तोटा दिला.
मग एकदा घोळात मूठभर तांदळाचं पीठ पडलं
(कुणी पाडलं, यावर दोघं मरेपर्यंत भांडले)
आणि रांग वळणापर्यंत गेली.

भटारखान्याच्या दाराला ओकची चौकट.
डाव्या अंगाला पोरांच्या उंच्या, पेन्सिलीने:
यूसुफ पाच, यूसुफ सात,
हमिदा तेरा. त्यापुढे हमिदा नाही.
उजव्या अंगाला पाणी.
त्रेपन्नच्या जानेवारीत समुद्र आत शिरला
तो ईडिथच्या छातीपर्यंत.
ओसरल्यावर अब्बांनी मासे कापायच्या सुरीने रेघ मारली,
उधारी मांडून ठेवावी तशी.

पुढे हेरिंग संपले. बोटी भंगारात गेल्या.
आता कॉड येतो आइसलँडहून, पेटीत, बिनमुंडक्याचा.
डोळे पाहिल्याशिवाय मासा कसा घ्यायचा
हे मला अजून जमलेलं नाही.
पहिली दोन वर्षं मी गल्ल्यावर बसून
"सॉल्ट? व्हिनिगर?" एवढंच बोलले.
बुधवारी दुकान बंद. तेव्हा मी ईडिथसाठी
स्प्रॅट तळायची, पेडव्यांचे हे गोरे भाऊबंद,
आगळ आणि तिखट लावून.
ती काट्यासकट खायची, बोटं चाटायची
आणि म्हणायची, हे विकू नकोस हं,
आपल्याला उरणार नाही.

यूसुफ गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात,
पाणी पुन्हा आलं. माझ्या मांडीला लागलं.
बटाट्यांची पोती फुगून दाराशी अडकली.
विम्याचा माणूस टॉर्च मारत म्हणाला,
ही चौकट सडलीय, बदलून घ्या.
माझी सफिया, जी रोज उठून
पाटी बदलू, मेनू बदलू, टाइल्स बदलू म्हणते,
ती म्हणाली, चौकटीला हात लावायचा नाही.
सुरी मी शोधली. रेघ तिने मारली.

आज तिचा इलियास चौकटीला पाठ लावून उभा आहे.
आमच्या रेघेच्या बराच वर गेलाय,
पणजोबांच्या रेघेला चार बोटं कमी.
लबाड, टाचा उचलतो.
टाचा टेकव, मी म्हणते,
पाण्याने कुठे उचलल्या होत्या?
तो टेकवतो. केस डोक्यावर दाबून धरतो.
तेवढ्यात बाहेर कुणीतरी घंटी वाजवतं,
दोन कॉड, एक प्लेस, व्हिनिगर जास्त,
आणि पेन्सिल
माझ्या कानामागे तशीच राहते.