मूळ प्रत

शारजाच्या खाडीवर, जिथे टायर, तांदूळ आणि जुने फ्रीज
एकाच दोरीनं गलबतावर बांधतात,
तिथून तिसऱ्या गल्लीत आमचं ऑफिस.
पाटीवर अरबीत चार शब्द, इंग्रजीत सहा.
आत आम्ही तिघं :
मी, एसी आणि दिलावर परकार.

दिलावरभाई दाभोळचे. हुद्दा मंदूब,
म्हणजे कागद घेऊन धावणारा माणूस.
एकतीस वर्षं ते मालाचा उगम
बगलेत धरून हिंडले.
चेंबरची खिडकी, मंत्रालयाची खिडकी, वकिलातीची खिडकी
आणि प्रत्येक खिडकीमागे
नुकताच जेवायला गेलेला एक माणूस.

उजव्या अंगठ्यावर कायमची जांभळी शाई.
वझू करतानाही जायची नाही.
म्हणायचे, राहू दे,
वरच्याला कळेल कामावरून आलोय.

एकदा डाळिंबं होती, सांगोल्याची, दोन कंटेनर.
जहाज उम्म कसरला लागलं मंगळवारी,
कागद पोचला पुढच्या सोमवारी.
सही निळ्या शाईत हवी होती, ती काळ्या शाईत होती.
धक्क्यावर सेहेचाळीस अंश, आणि रीफरची वायर
कुणी काढली ते आजवर कळलं नाही.
डाळिंबं कुठली, हे सिद्ध झालं तेव्हा
ती डाळिंबं उरली नव्हती.

म्हणून जुन्या पद्धतीसाठी
मी डोळे पुसणार नाही.

आता मी टाइप करते : मालाचं नाव, वजन, कोड.
उगमाचा देश विचारला की एक यादी उघडते,
भारत आइसलंडच्या खाली.
चार मिनिटांत एक चौकोन येतो
काळ्या ठिपक्यांचा, खळ्यात पसरलेल्या सुकटीसारखा दाट.
तिकडचा कस्टमवाला त्यावर फोन धरतो.
हिरवी खूण. गाडी सुटते.
कुणी जेवायला गेलेलं नसतं.

दिलावरभाईंना मीच शिकवायला बसले.
पासवर्ड म्हणून त्यांनी गावाचं नाव घातलं.
पडदा म्हणाला : कमकुवत.
"कमकुवत?" ते हसले. "बंदर होतं ते, बाई.
इथले घोडे तिथे उतरायचे."
मग त्यापुढे त्यांनी पहिल्या व्हिसाचं साल लावलं
आणि एक उद्गारचिन्ह.
तेवढ्यानं बंदर मजबूत झालं.

"यातली मूळ प्रत कुठली?"
मूळ अशी नाही, मी म्हटलं. सगळ्या सारख्याच.
"मग नक्कल?"
नक्कलही नाही.
ते पडद्याकडे बघत राहिले
जसे खिडकीत बघायचे :
आता कुणीतरी उठेल, चष्मा लावेल,
विचारेल, घरी सगळे बरे?

गुरुवारी लोखंडी कपाट रिकामं केलं.
पाच वर्षांच्या आतलं ठेवायचं, बाकी लगद्याला.
एका फायलीत बडीशेप निघाली,
एकीत कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका,
आणि तो काळ्या सहीचा फॉर्म,
त्यावर त्यांच्याच अक्षरात : माफ करा.
कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्यांचा व्हिसा रद्द झाला,
तोही घरबसल्या, रात्री सव्वाअकराला,
ईमेलनं.
सकाळी मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले,
"कागदावर काढून दे. नाहीतर
गेल्यासारखं वाटायचं नाही."

प्रिंटर बरेच दिवस बंद होता. पहिलं पान रेघांचं आलं,
दुसरं बरं.
त्यांनी खणातून कंपनीचा जुना रबरी शिक्का काढला,
ज्याला आता कुठेच किंमत नाही,
पॅडवर दोनदा आपटला
आणि उजव्या कोपऱ्यात,
सही संपते तिथे, जरासा तिरका,
नेहमीसारखा उमटवला.

मग कागद तोंडाजवळ धरून
शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले,
एसी चालू असूनसुद्धा.