कडता

मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशेजारच्या खोलीत
मी खर्चाचे अंदाज लिहितो.
त्याआधी अकरा वर्षं सांगलीत, हळदीच्या पेठेत
पट्ट्या लिहिल्या:
पोती, वजन, कडता, हमाली, तोलाई.
अक्षर तेव्हाही चांगलं होतं.

सोमवारी माधवनगरच्या अनुसया कोष्टी आल्या.
मिश्रीनं डावा जबडा खाल्लाय.
डॉक्टरांनी दोन रकाने करून पाठवलेले.
एक : जबडा काढायचा, छातीचं मांस ओढून भोक बुजवायचं.
योजनेत बसतं. वर औषधाचे तीसेक हजार.
दोन : पायाचं हाड कापून त्याचा जबडा घडवायचा.
दहा तास.
चार लाख दहा हजार, योजनेच्या बाहेर.

मुलगा विचारतो, जगण्यात फरक किती?
मी डॉक्टरांचंच वाक्य सांगतो :
पाच वर्षांनी शंभरात पंचावन्न. दोन्हीकडं तेवढेच.
"मग चार लाख कशाचे?"

चावायचे, म्हटलं.
बोलताना तोंड एका अंगाला न ओढण्याचे.
लग्नात पंगतीला बसण्याचे.
हे छापील फॉर्मवर नाही,
पेनानं कडेला लिहावं लागतं.
पेठेत कडत्याला रकाना असायचा,
पोत्यामागं ठरलेलं वजन मुकाट वजा.
इथं तो कुणाच्या अंगावर धरायचा?

बाई बघत होत्या, तोंडावर पदर.
चाळीस वर्षं भडंग विकलेली बाई,
चिमूटभर जिभेवर ठेवून मीठ सांगणारी.
तिनं पदराखाली मुलाचा हात घेतला.
मी ओळखलं.
पेठेत रुमालाखाली असेच भाव ठरायचे,
बोटं दाबून, तोंडातनं अक्षर न काढता.
तिथंही मी कधी वाकून बघितलं नाही.
आकडा बाहेर आला की लिहायचा.

बराच वेळ गेला.
एकदा पोरानं हात सोडवून घ्यायला बघितलं,
तिनं सोडला नाही.

मग म्हणाली, शब्द लाळेत भिजलेले,
"पहिलं लिवा.
भाकरी दुधात कुस्करून खाईन की.
दात तरी कुठं सगळं राहिल्यात."
मुलगा भिंतीकडं बघून म्हणाला, "दुसरं."

दोन्ही अंदाज टाचणी लावून दिले.
सही कुणाचीच नव्हती.

जाताना बाईंनी पिशवीतनं एक पुडा काढून टेबलावर ठेवला.
"ह्येचं पैसं नगं."

दुपारी डबा झाल्यावर उघडला.
एकेक शेंगदाणा
डाव्या बाजूनं चावत बसलो.
मीठ बरोबर होतं.