स्पीकरचे वजा

तिबिलिसीत स्टेशनच्या चौकाखाली भुयारी बाजार आहे,
तिथे तिसरा गाळा आमचा. म्हणजे झुराबचा. मी पगारी.
जानेवारी. हीटर जेमतेम माझ्या एका पायापुरता.

ती चौकटींची वही घेऊन आली.
सात दुकानं पालथी घातलेली वहीतच दिसत होती:
वर फोनांची नावं, कडेला गुण,
आणि किमतीच्या ओळीत नुसती खोडाखोड.
कोट बघून आकडा सांगतात आमच्याकडे. मीही सांगतो.

मी सुरू झालो. मला सगळं तोंडपाठ.
बॅटरी दोन दिवस बघायला नको,
मेमरी मुबलक, कॅमेरे मागे चार,
आणि आवाज!
दोन-दोन स्पीकर, बाई, लग्नात लावा,
पलीकडच्या इमारतीतले नाचतील.
ती माझ्या ओठांकडे एकटक बघत होती.
मला वाटलं, पटतंय.

तिने कानाला बोट लावलं
आणि तेच बोट नकारार्थी हलवलं.

मग वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं:
मुलगा ग्दान्स्कला. मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळी.
मधली सुट्टी बारा मिनिटं.
आम्ही हातांनी बोलतो.
घरात तेव्हा सगळे झोपलेले, दिवा एकच, शेगडीवरचा.
तो म्हणतो, आई, तुझी बोटं दिसत नाहीत, धूर दिसतो.

तिच्या सगळ्या रकान्यांत
हा रकानाच नव्हता.
कुठल्याही खोक्यावर तो छापलेला नसतो.

तिनेच मला जिन्याखाली पाठवलं, अंधारात,
एकेक फोन घेऊन. दुसरा तिच्या हातात, गल्ल्यापाशी.
हात हलव, अशी खूण.
मला कुठली येते ती भाषा?
मी बोटांवर किमती सांगत सुटलो.

सहाशे चाळीसवाल्यात मी नव्हतोच.
नऊशे ऐंशीवाल्याने माझा चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत केला
आणि पाच बोटांची तीन.
मग कपाटातला तो जुना, वापरलेला, पाठीला तडा,
ज्याच्यावर मला दमडीही सुटत नाही:
त्यात बोट न् बोट सुटं.
ऑक्टोबरात काढलेल्या अंगठीचा पांढरा वळसुद्धा.
तो तिने पाहिला. काही लिहिलं नाही.

सातशे दहा, मी म्हणालो. म्हणजे लिहिलं.
तिने पेन घेतलं, खाली एक सरळ रेघ ओढली
आणि विचारलं:
ह्यात स्पीकर किती लारीचा?
तो मला नको. तेवढे वजा करा.

अकरा वर्षं फोन विकतोय.
लोक म्हणतात, जरा कमी करा, दिवाळं निघालंय, पुढच्या वेळी इथेच येऊ.
भागाकार मागणारं गिऱ्हाईक हेच पहिलं.
झुराब म्हणाला, मग आंधळा येऊन पडद्याचे मागेल!
मागू दे की, मी म्हणालो,
आणि पुढचं मलाच सुचेना.
स्पीकरची खरी किंमत मला ठाऊक नव्हती.
नुसतं त्याचं कौतुकच पाठ होतं.

चाळीस कमी केले. वीस दुकानाचे, वीस माझ्या पदरचे.
तिने नोटा दोनदा मोजल्या, वही मिटली,
परत उघडली, आणि हसू दाबत लिहिलं:
जिन्याखाली तुम्ही काय म्हणालात, ठाऊक आहे?
आमच्या घरच्या खुणांत त्याचा अर्थ,
'सहा मासे रुसून माहेरी गेलेत.'

बिलावर 'तपशील' म्हणून एक रिकामी जागा असते.
तिथे मी रोज मॉडेलचा नंबर लिहितो.
त्या दिवशी मासे लिहिले.
झुराब अजून विचारतो, हा कुठला माल?