मी मोजते

एक. टाच गादीवरून ओढ, स्वतःकडे.
दोन. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी आहे,
कोपऱ्यावरच्या दुकानातली, बटाट्यांची,
तिच्यावरून पाय घसरतो, इवोननं सांगितलंय.
तीन. श्वास धरू नकोस, बेल्मिरो.
चारला तू मला शिव्या घालतोस,
पाचला माझ्या आईला.
सहा.

इवोन येते मंगळवारी आणि शुक्रवारी,
केप व्हर्देची पोर, हात ऊबदार,
पिशवीत शाळेतल्यासारखा कोनमापक.
एक पट्टी मांडीला, एक नडगीला,
मग वहीत लिहिते: बासष्ट.
पुढच्या खेपेला अडुसष्ट.
नव्वद झाले की जिना.
आमच्या घराला बावन्न पायऱ्या.
लिफ्टचं वचन तीन घरमालकांनी दिलं,
तिघंही वारले.

चाळीस वर्षं हा माणूस
लिस्बनच्या फूटपाथवर वाकून बसला.
बुडाखाली वीतभर उंचीचं लाकडी स्टूल,
एक गुडघा दुमडलेला, एक जमिनीला,
डाव्या तळहातात चुनखडीचा दगड, उजव्यात हातोडी,
टक्, टक्, आणि दगडाला चेहरा यायचा.
पांढऱ्यात काळ्या दगडांची लाट.
लोक वरून चालत गेले.
त्याला त्यांचे बूट ओळखीचे, तोंडं नाहीत.
दगड सोडून कुणापुढे गुडघे टेकले नाहीत,
असं म्हणायचा, दोन ग्लास झाले की.

लग्नाच्या वेळी गुडघ्याला बाशिंग बांधून
माझ्या बापाच्या दारात आला होता, तीनदा.
आता त्याच गुडघ्यावर एकतीस टाके,
आत धातू, मध्ये प्लॅस्टिकची चकती.
वीस वर्षं टिकेल, डॉक्टर म्हणाले.
"म्हणजे मी गेलो तरी हा चालेल."
डॉक्टर हसले नाहीत. मी हसले.

रात्री नऊला पोटात इंजेक्शन,
रक्त गोठू नये म्हणून. मी देते.
चिमटीत कातडी धरते.
इतक्या वर्षांत हे पोट
इतक्या जवळून पाहिलं नव्हतं,
निळे डाग, पिवळे पडत चाललेले डाग,
आणि बेंबीजवळ एक तीळ, माझ्या नकळत म्हातारा झालेला.
मग गुडघ्यावर गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी, वीस मिनिटं.
तिच्यावर मी मार्करनं लिहिलंय: पाय.
नाहीतर कुणीतरी सूपमध्ये टाकायचं.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. दाब.
मांडी कडक. सात. आठ.
एकदा आठवर मला उठावं लागलं, दूध उतू चाललं होतं.
गॅस पुसून परत आले
तर हा अजून दाबून धरलेला, चेहरा लालबुंद.
"तू दहा म्हटलंच नाहीस."

सहाव्या आठवड्यात ब्याण्णव.
उतरलो. उतरताना दुखरा पाय आधी,
चढताना बरा; इवोननं पाठच करून घेतलंय.
बाहेर रात्रीचं दव अजून वाळलं नव्हतं,
फूटपाथ काचेसारखा चकाकत होता.
दारातच थबकला.
"घसरतात हे," म्हणाला,
जणू कुणी परक्यानं बसवलेत.
मी गप्प राहिले.
ही लाट त्याचीच, आमची थोरली पोटात होती तेव्हाची.

चार दारं सोडून एक दगड उखडलेला,
खळग्यात सिगारेटचं थोटूक.
तो दोन कुबड्यांवर उभा, नुसता बघत.
वाकायला गेला,
गुडघा ब्याण्णववर अडला.
"तू बस," मला म्हणाला.
माझे गुडघे काही कालचे नाहीत,
करकरले, पण बसले.
"वाळू सारखी कर. बोटांनी. असा नको, फिरव.
अजून. चेहरा वर."
मी ठेवला.
त्यानं कुबडीचं रबरी टोक दगडावर आणलं
आणि ठोकलं.
टक् नाही झालं, धप् झालं.
"मोज," म्हणाला.
मला उठता येत नव्हतं.
मोजलं.