बोलणाऱ्यांची नावे

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या
आणि त्रेचाळीस मतं घेऊन
मी, सातेरी गुरव, शाळेची मुख्यमंत्री झाले.
पाखरे सरांनी बिल्ला लावला. टाचणी जराशी टोचली.
घरी बाबा म्हणाले, "मग फाट्यापासनं रस्ता करून दे की गे आता."
आई भाकरी थापता थापता हसली.
मी नाही हसले. मला वाटलं, होईल.

तेव्हा मुख्यमंत्री म्हणजे मला खडू वाटायचा.
सर ऑफिसात गेले की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात
मी चौकट आखायची, वर लिहायची : बोलणारे.
खाली नावं. नावांपुढे फुल्या.
वर्ग चिडीचूप.
खिडकीतून चोर्ल्याकडचे डोंगर दिसत,
तेही माझ्या धाकात आहेत असं वाटे.

सगळ्यात जास्त फुल्या महादेवी तळवारच्या.
वडील जंगल खात्यात वॉचर, बदली होऊन आलेले.
चालत जाण्याजोगी दुसरी शाळा नव्हती
म्हणून ती आमच्यात, शेवटच्या बाकावर,
सारखी शेजारणीच्या कानाशी.

मग साडेचारची गाडी फाट्यावर थांबेनाशी झाली.
हात केला की ड्रायव्हर दोन बोटं हलवायचा : मागून येतेय.
मागून काही येत नसे.
सहा वाजत. सात वाजत.
जांबोटीच्या पुढे अंधार थेट डांबरावर उतरतो.
एकदा वळणावर गवा उभा होता, आमच्याकडे बघत,
जणू त्यालाही गाडीच पाहिजे होती.
आठवीतला परशा, एवढासा, रडायला लागला.
सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.
माझ्याकडे म्हणजे, बिल्ल्याकडे.

मी अर्ज लिहिला. दीड पान. 'कृपावंत होऊन' वगैरे.
सर म्हणाले, छान जमलाय,
पण डेपोत कन्नडातून द्यावा लागेल.
कन्नडात मला अडतीस मार्क,
त्यातले दहा पाठ केलेल्या पत्राचे.

मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकापर्यंत गेले.
सात बाकं. एवढं मी कधी चालले नव्हते त्या वर्गात.
महादेवी डबा झाकून उभी राहिली,
जणू मी तिथंही नाव लिहिणार.
"कन्नडात करून देशील?"
तिनं कागद वाचला. विचारलं, "कृपावंत म्हणजे?"
मी सांगितलं.
मग ती हळूच म्हणाली, "हेच विचारत असतो मी वर्गात.
शब्दाचा अर्थ."
आमच्याकडच्या मुलींसारखं 'असतो' म्हणाली.
हे कधी शिकली ती?

दीड पानाच्या तिनं आठ ओळी केल्या.
खालची प्रत मी काढत होते, 'मक्कळु'पाशी अडले.
"ळ आहे की तुमच्यात," ती म्हणाली,
"बाळातला. तोच."

डेपोत कंट्रोलर बशीत चहा ओतत होता.
"एन बेकु?"
रात्रभर घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं,
त्यातला नमस्कार तर मी केलाही.
पुढं नक्की काय झालं सांगता येत नाही.
एक पाऊल मागे घेतलं, एवढंच.

महादेवी बोलली.
बराच वेळ बोलली. मला तुकडे कळले :
मक्कळु. कत्तलु. काडुकोण.
आणि परशाचं नाव.
ते माझ्या दीड पानात कुठंच नव्हतं.
कंट्रोलरनं बशी खाली ठेवली.

गाडी थांबते आता. गुरुवार सोडून.
गुरुवारी का नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.
दुसरा अर्ज चाललाय.

फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आहे अजून,
वर तेच अक्षर माझं : बोलणारे.
या खेपेला डेपोत कोण कोण बोलणार, त्यांची नावं.
परशानं त्याचं नाव स्वतःच लिहिलं, टाचा उचलून,
आणि पुढे, सवयीनं,
एक फुली मारली.